तीनदा जुळलेल्या खुणा

माझे सासरे इंजिनाचा आवाज ऐकत असले की आसपास कुणी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी तो मोडला होता. उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजात डबा घेऊन गेले होते. ते एका जीपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले, आणि मी नव्या सुनेच्या गोड आवाजात विचारलं, "मामा, जेवून घेता का?" त्यांनी मान वर न करता नुसता हात असा झटकला, की मी डबा धरून पंधरा मिनिटं खांबासारखी उभी राहिले. मग हात पुसत आले आणि म्हणाले, "पोरी, गाडी बोलायला लागली की मान्सानं गप बसायचं."

मला राग आला होता. मी नेसरीची, आमच्या माहेरी गप्प बसलेल्या माणसाला ताप आलाय का ते बघतात. पण मामांच्या गॅरेजात ट्रकचे ड्रायव्हर, कारखान्याचे साहेब, सगळेच त्या वेळी तोंड मिटून उभे राहायचे, तिथं माझं काय चालणार? पुढं सवय झाली. इतकी की घरात मिक्सरचा आवाज बदलला आणि मामांनी मान वाकडी केली, की आम्ही दोघं नवराबायको भांडण अर्ध्यावर थांबवून गप्प व्हायचो.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी गॅरेज बंद केलं. गुडघे चालत नाहीत म्हणाले. डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्याच सुमाराला झालं होतं. पान्यांची लोखंडी पेटी घरी आली आणि जिन्याखाली बसली. मामा व्हरांड्यात बसले. पेपर वाचायचे, फुलझाडांना पाणी घालायचे, आणि कुणी गाडी दाखवायला आणली तर "आता न्हाय जमत" म्हणून परत पाठवायचे. चाळीस वर्षं ज्याच्या दारात गाड्यांची रांग लागायची, तो माणूस इतक्या सहज "न्हाय" म्हणतो, याचं मला नवल वाटायचं. विचारलं मात्र कधी नाही.

आता गाडीचं. ती माझी. पांढरी, लहान, पेट्रोलवर चालणारी, पंधरा वर्षांची. मी हातकणंगल्याला हायस्कूलात विज्ञान शिकवते आणि रोज तिनेच जाते-येते. यंदा गणपती झाल्यावर कागलहून परत येताना काटा एकदम वर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी हायवेच्या कडेला बसली. ओढून आणली. मामांनी रेडिएटरचं झाकण काढून आत बघितलं, ऑइलची पट्टी काढून बोटांवर चोळून बघितली आणि म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय. हेड उघडायला पायजे."

नवरा म्हणाला, "कशाला? आहे तशी विकून टाकू. पंधरा वर्षं झाली."

"मी उघडतो," मामा म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मामांच्या गुडघ्यांकडे बघितलं. ते मामांना दिसलं असावं, कारण ते चिडले. "सुरू झाली न्हाय तर पेटी दिऊन टाकतो. पुन्यांदा पान्याला हात लावत न्हाय. मग तर झालं?" नवऱ्यानं हसण्यावारी नेलं. मी नेलं नाही. मामा रागाच्या भरात बोलले तरी शब्द फिरवत नाहीत, हे मला त्यांच्या मुलापेक्षा जास्त माहीत आहे.

पंधरा दिवस काम चाललं. पोर्चमध्ये गाडी, शेजारी प्लॅस्टिकचं स्टूल, स्टुलावर मामा. मी शाळेतून आले की हाताखाली. मामा बोल्ट काढून द्यायचे, मी ते स्टीलच्या ताटात कागदावर ओळीनं मांडायचे आणि कुठला कुठचा ते लिहायचे. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, लेथवर देऊन सपाट करून आणलं, त्याखाली नवीन गॅस्केट बसवलं, टायमिंगचा पट्टाही नवा आणला. हा पट्टा म्हणजे आतून दात असलेला रबरी पट्टा. तो खालचं चाक आणि वरचं चाक एका तालात फिरवतो. दोन्ही चाकांवर कारखान्यानंच एकेक खूण केलेली असते. त्या आपापल्या जागी जुळल्या, की मगच पट्टा चढवायचा. एक दात इकडचा तिकडे झाला, तर इंजिन सुरू होईनासं होतं किंवा नुसतं खोकत राहतं. मामांनी भिंग लावून खुणा बघितल्या, मला बघायला लावल्या, पट्टा चढवला आणि इंजिन हातानं दोन फेरे फिरवून परत बघितल्या. जुळलेल्या होत्या.

अष्टमीला संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला. मी म्हटलं, "मारू का सेल्फ?" ते म्हणाले, "आता न्हाय. उद्या खंडेनवमी. परवा दसऱ्याला, मुहूर्तावर." गॅरेज चालू होतं तेव्हापासूनचा त्यांचा नेम आहे. नवमीला सगळे पाने रॉकेलनं धुवायचे, पुसायचे, पाटावर मांडून पूजा करायची आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. घरात सासूबाई गेल्यापासून ती पूजा मी करते. यंदा पाटावर पाने मांडले, झेंडूची माळ घातली, आणि मनात आलं, गाडीचाही जन्म नवाच झालाय की. म्हणून गाडीची चावीही पान्यांशेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. विज्ञानाची बाई असले तरी ते हळदकुंकू मी मनापासून वाहिलं होतं, हे सांगितलंच पाहिजे.

दसऱ्याला सकाळी मामा अंघोळ करून, पांढरी टोपी घालून पोर्चमध्ये आले. "चावी आन."

चावी पाटावर. पूजा हलवायची नाही. मी म्हटलं, "थांबा, दुसरी आहे की." कपाटाच्या खणात एक डुप्लिकेट होती. मागे एकदा मी चावी गाडीत ठेवूनच दार लावून घेतलं होतं, तेव्हा स्टेशनजवळच्या चावीवाल्याकडून कापून घेतलेली. ती आणून दिली. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण इतक्या उत्साहानं धावत जाऊन कुठलीच केली नव्हती.

मामा बॉनेटपाशी उभे राहिले, मी आत बसले, नवरा नारळ घेऊन उभा. मामांनी हात वर केला. सगळे गप्प. मी चावी फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन गरगरलं. सुरू झालं नाही. परत फिरवली. नाही. समोर काट्यांच्या तबकडीत एक लहान लाल दिवा लुकलुकत होता, गाडीचं चित्र आणि त्यावर चावी. दार उघडं आहे म्हणून लागला असेल, असं मला वाटलं. मी बोलले नाही. मामा ऐकत होते.

चौथ्यांदा झाल्यावर त्यांनी हात खाली केला. "आवाज सरळ हाय," ते म्हणाले. "हिच्या पोटात कायबी दुखत न्हाय." पण ते असं म्हणाले, की जणू दुसऱ्या कुणाला विचारत होते. नवरा नारळ घेऊन आत गेला.

बुधवारपासून तपास सुरू झाला. मी वर्गात मुलांना शिकवते ती पद्धत मामा शाळेत न जाता शिकलेले आहेत. इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते, ठिणगी लागते आणि ती वेळेवर लागते. एकेक तपासायचं, जे ठीक आहे त्यावर फुली मारायची. मी मोटर व्हेईकलच्या जुन्या कागदाच्या पाठीमागे तक्ताच केला. मामांनी प्लग काढून लोखंडावर टेकवला, मी सेल्फ मारला. ठिणगी नाही. प्लगचं टोक बघितलं तर कोरडं ठणठणीत, पेट्रोलचा वासही नाही.

"करंटबी न्हाय, पेट्रोलबी न्हाय," मामा म्हणाले. "दोन्ही एकदम कशी जातील गं? एक गेलं आसतं तर मी समजलो आसतो."

आज मागे वळून बघितलं, की या वाक्याशी मला थांबावंसं वाटतं. उत्तर त्यातच होतं. दोन्ही एकदम बंद, म्हणजे मोडलेलं काही नाही, वरून कुणीतरी दोन्ही अडवून धरलंय. मामा तिथवर पोचलेच होते. पण पुढं जायच्या ऐवजी ते मागे वळले. म्हणाले, "जितं माझा हात लागलाय, तितंच चूक आसनार." आणि टायमिंगच्या पट्ट्याचं झाकण पुन्हा उघडलं.

खुणा जुळलेल्या होत्या. तरी त्यांनी पट्टा काढला, परत चढवला, परत फिरवून बघितलं. जुळल्या. गाडी सुरू झाली नाही. मी आत बसून चावी फिरवत होते, लाल दिवा लुकलुकत होता.

गुरुवारी त्यांचे एक जुने मित्र आले. ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी बॅटरी बघितली, कॉइल बघितली, सगळ्या पिना काढून घासून बसवल्या. म्हणाले, "पट्ट्याच्या खालच्या चाकापाशी एक सेन्सर अस्तोय. इंजिन फिरतंय का न्हाय ते त्यो सांगतो. त्याला तुझा पाना-बिना लागला आसंल." मामांचा चेहरा उतरला. त्यांनी दुसरा सेन्सर आणवला, बसवला. काही फरक नाही. मित्र म्हणाले, "आता कॉम्प्युटर लावल्याबिगार कळायचं न्हाय. ह्या गाड्यांचं डोसकं निराळं अस्तंय."

"दुसऱ्याच्या दारात न्यायची न्हाय," मामा म्हणाले.

नवऱ्यानं मात्र ठरवून टाकलं. "अण्णा, रविवारी टेम्पोवाल्याला सांगतो. नेऊ या गॅरेजला. यात तुमची काय चूक?"

"टेम्पो येतोयच तर पेटीबी त्यातच घाल," मामा म्हणाले आणि जेवायला बसले. जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. आमटीत मीठ घालायचं मी विसरले होते, तेही त्यांनी सांगितलं नाही. एरवी मिठाचं बोट कमी पडलं तरी ओरडणारा माणूस आहे.

मला त्या आठवड्यात त्यांचा रागही येत होता. एसटीनं हातकणंगल्याला जाताना उभं राहून पाय दुखायचे आणि मनात म्हणायचे, एवढा कसला ताठा? घेऊन जाऊ की गॅरेजला. मग संध्याकाळी पोर्चमध्ये त्यांना बघायचे. स्टुलावर बसून ते हात उलटे-सुलटे करून बघत असायचे. मला दिसल्याचं त्यांना कळलं, की लगेच फडकं उचलायचे. त्या हातांनी जिल्ह्यातली कितीतरी इंजिनं उघडली आणि मिटली होती. त्यांच्यावरच आता खटला चालू होता, आणि न्यायाधीशही मामाच.

शनिवारी सकाळची शाळा. मी दुपारी घरी आले तेव्हा मामांनी पट्टा काढून तिसऱ्यांदा चढवला होता. मला गाडी बंद पडल्यापासून डिकीतच राहिलेला चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा काढायचा होता, म्हणून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची चावी घेऊन आले. दसऱ्यानंतर पूजा उचलली तेव्हा मीच ती तिथं अडकवली होती. डुप्लिकेट मामांच्या खिशात असायची. चावी गाडीत सोडायची नाही, हा त्यांचा जुना नियम. मी गठ्ठा काढत होते तेवढ्यात ते म्हणाले, "बस आत. एक डाव बघू." आणि खिशात हात घातला.

"राहू द्या, माझ्याजवळ आहे," मी म्हटलं, आणि आत बसून चावी फिरवली.

गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. जराही न खोकता, कालपर्यंत चालूच होती अशी. मी किंचाळलेच. शेजारच्या काकू गच्चीवरून वाकल्या. नवरा आतून धावत आला. मामा बॉनेटपाशी उभे होते. ते हसले नाहीत. बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बंद कर."

नवऱ्यानं जिलेबी आणली. मामांनी तुकडाही तोडला नाही. म्हणाले, "तीन येळा पट्टा चढवला. तिनी येळा खुना जुळल्याल्या दिसल्या मला. पयल्या दोन येळा गाडी सुरू न्हाय, तिसऱ्यांदा झाली. म्हंजी काय?" त्यांनी जिलेबीची ताटली बाजूला सारली. "म्हंजी पयल्या दोन येळा जुळल्या नव्हत्या. माझ्या डोळ्याला जुळल्याल्या दिसल्या. शिकाऊ मानूस करत न्हाय आसली चूक. आज दाताची झाली, उद्या कुनाच्या ब्रेकात हुईल." मग मित्राला फोन लावला. "उद्या सकाळी ये. पेटी घिऊन जा. तुला उपेगी पडंल."

त्यांचं म्हणणं चोख होतं. वर्गात कुणी असा निष्कर्ष काढला असता तर मी शाबासकी दिली असती. गाडी सुरू होऊनही ते हरले होते, आणि त्यांनी स्वतःच स्वतःला पुराव्यानिशी हरवलं होतं.

पण मला काहीतरी खटकत होतं. सेल्फ मारताना मी रोज समोर बघत होते. आज समोर काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते भांडी घासताना आठवलं. लाल दिवा नव्हता.

चार वाजता मामा आडवे झाले होते. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डुप्लिकेट काढली आणि पोर्चमध्ये गेले. डुप्लिकेट लावली: सेल्फ फिरला, दिवा लुकलुकला, गाडी सुरू नाही. खिळ्यावरची लावली: सुरू. परत डुप्लिकेट: नाही. मग मी दोन्ही चाव्या हातात घेऊन पायरीवर बसले. मूळ चावीच्या काळ्या मुठीत एक बारीक चिप असते. गाडी ती ओळखते, आणि नाही ओळखली तर चोर समजून पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद ठेवते. डुप्लिकेट म्हणजे नुसतं कापलेलं लोखंड. आजवर मी तिनं फक्त दार उघडलं होतं, गाडी कधी सुरू केलीच नव्हती. पट्टा पहिल्या वेळी बरोबर होता. दुसऱ्या वेळी बरोबर होता. मामांचे डोळे बरोबर होते. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी जे ऐकलं होतं तेही बरोबर होतं. चुकले होते ती मी.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला उकरून काढतेस? गाडी सुरू झाली, संपलं. आणि पेटी गेली तर बरंच आहे, या वयात वाकून काम करणं काय चांगलं?" तो वाईट माणूस नाही, त्याला बापाची काळजी आहे. आणि मला ते ऐकून बरं वाटलं, याची आजही लाज वाटते. कारण सांगायचं म्हणजे माझ्या एका चावीपायी म्हातारा पाच दिवस स्वतःला सोलत होता, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. त्या दिवशी मी ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी मित्र आले. पेटी व्हरांड्यात काढलेली होती आणि मामा एकेक पाना फडक्यानं पुसून आत ठेवत होते, बाळाचं अंग पुसावं तसं, बोटांच्या बेचक्यांतून. ते मला बघवलं नाही.

"मामा, थांबा," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नव्हतं."

मी दोन्ही चाव्या त्यांच्यासमोर धरल्या आणि सगळं सांगितलं. पूजेतली चावी, कपाटातली चावी, चिप. मग त्यांना पोर्चमध्ये नेलं आणि करून दाखवलं. हिनं नाही, हिनं होते, हिनं परत नाही. मित्रांनी मांडीवर थाप मारली. "आयला, चावीलाबी डोसकं घातलंय व्हय! आन् आपुन हितं सेन्सर बदलत बसलोय!" ते एकटेच हसले.

मामांनी विचारलं, "ह्यो लाल दिवा. पयल्या दिवशी लागलता?"

"होय."

"रोज?"

"रोज."

"मग बोलली का न्हाईस?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते खरंही होतं. "तुम्ही ऐकत होता, मामा."

मला वाटलं होतं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग मित्राकडे बघितलं, मग जाऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. मित्रांना काय कळायचं ते कळलं. "पेटी ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाले आणि स्कूटरला किक मारून गेले. मी स्टूल ओढून मामांशेजारी बसले. माफी मागायची होती, पण आधी मामाच बोलले.

"आजून काय काय दिसलंय तुला?" त्यांनी माझ्याकडे पूर्ण वळून विचारलं.

"म्हणजे?"

"म्हंजी माझं. पंधरा दिस हाताखाली हुतीस. बोल."

"काही नाही" हे ओठांवर आलं होतं. पंचवीस वर्षांची सवय. पण नुकतंच त्या सवयीनं काय केलं ते आम्ही दोघांनी बघितलं होतं. मी बोलले. बारीक बोल्ट तुमच्या बोटांतून निसटतात, ते मी पायानं सरकवून परत ताटात ठेवायचे. बोल्टखालचे वायसर तुम्ही दोनदोनदा मोजता. आणि उजव्या कानानं तुम्हाला ऐकू येत नाही. त्या बाजूनं कुणी बोललं, की तुम्ही नुसती मान हलवता. दोन दिवसांपूर्वी त्या बाजूनं कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, तुम्ही वळला नाहीत.

मी खाली बघून एका दमात हे सगळं बोलले. वर बघितलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कुनाकुनाला ठावं हाय ह्ये?"

"सगळ्यांना. ह्यांना माहीत आहे. तुमच्या मित्रांनाही असणार."

"आन् कोनच बोललं न्हाय."

"नाही."

त्यांनी माझ्याकडची मान फिरवून पेटीतला एक पाना उचलला, परत होता तिथं ठेवला. "गॅरेज मी गुडघ्यापायी न्हाय बंद केलं," ते म्हणाले. "एका गाडीचं बेअरिंग वाजत हुतं. गिऱ्हाइकाला ऐकू येत हुतं, मला न्हाय. मी म्हनलो, कायबी वाजत न्हाय. त्यो काय बोलला न्हाय, गाडी घिऊन गेला. दुसऱ्या दिवसापास्नं मी कुलूप लावलं. म्हनून दसऱ्याला आवाज सरळ आला, तरी माझा माझ्यावरच इस्वास बसंना." मग म्हणाले, "दोन वर्सं झाली. मला वाटत हुतं, मी चांगलं झाकलंय."

मला रडू आलं. घरात तीन माणसं, आणि हा माणूस दोन वर्षं एकटा बसून होता, आणि आमच्या गप्प बसण्याला आम्ही मान देणं समजत होतो. मी डोळे पुसले आणि रडक्या, बारीक आवाजात म्हटलं, "मामा, एका कानाचं मशीन मिळतं. उद्या जाऊन तपासून येऊ. गाडी आहेच. आणि पेटी कुठं जाणार नाही. तुमच्या हाताखाली मी राहीन, बोल्ट मी धरीन, मला दिसेल ते मी तेव्हाच बोलेन."

त्यांनी मान हलवली.

आणि मग माझ्या लक्षात आलं. ते नुसतं मान हलवणं मला ओळखीचं होतं. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते.

मी उठले, स्टूल उचललं, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.